चोळीचा मान आणि ब्राचे माप

१/
आजचा धागा लांब आहे. विषयही असा आहे की इतिहासाच्या धाग्यांत त्यावर सहसा कोणी लिहीत नाही. विषय आहे ब्रा, आणि माझ्या आत्यासाठी पाचशे रुपयांत नीट मापाची ब्रा शोधताना मला दिसलेला आपला वस्त्रेतिहास. आत्याची परवानगी घेतली आहे. तिचे नाव आणि गाव मात्र सांगणार नाही.

२/
माझे म्हणणे आधीच सांगते. साडीचोळी आपण चारचौघांत, हळदीकुंकू लावून, हातात देतो. चोळीचे निम्मे काम जिच्याकडे आले ती ब्रा मात्र टॉवेलखाली वाळत घालतो. चोळीला मान होता, तिचा खर्च मान्य होता आणि तिचे माप घेणारे हात होते. ब्राला यांतले काहीच मिळाले नाही. ही तूट बायका खांद्यांनी आणि पाठीने भरून काढत आहेत.

३/
आत्या पारनेर तालुक्यातली. वय चोपन्न. स्वतःची थोडी शेती, शिवाय हंगामात कांदाकाढणीची मजुरी. उन्हाळ्यात मी तिच्याकडे गेले असता तिच्या दोन्ही खांद्यांवर बोट बसेल एवढ्या खाचा दिसल्या. मला वाटले, पाट्या वाहून पडल्या असतील. ती म्हणाली, "आगं, बॉडीच्या हायेत त्या. समद्या बायांना असत्यात." खाली, पट्टी घासते तिथे, घामोळ्यासारखा लाल चट्टाही होता. त्याला ती "उन्हाचं" म्हणत होती.

४/
'बॉडी' हा शब्द ऐकून माझ्यातली इतिहासाची विद्यार्थिनी जागी झाली. १८८४ साली प्रसिद्ध झालेल्या अहमदनगर जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये इथल्या जातीजमातींच्या पेहरावाची वर्णने आहेत. त्यांत आपल्या चोळीला इंग्रज अधिकाऱ्यांनी 'बॉडिस' म्हटले आहे. पुढे कारखान्यातून आलेल्या ब्रेसियरला आपल्या बायकांनी 'बॉडी', 'बॉडीस' म्हटले. चोळीसाठी वापरलेला परका शब्द फिरून चोळीच्या वारसदाराला चिकटला.

५/
आता चोळीकडे वळू. चोळीसाठी विणलेले ठरावीक पन्ह्याचे कापड म्हणजे खण. आजही गुळेदगुड्डचा खण प्रसिद्ध आहे. खण-नारळाने ओटी भरणे, भाऊबीजेला बहिणीला खण देणे, माहेरवाशिणीची साडीचोळी देऊन पाठवणी करणे, हे सारे उघड, सर्वांसमक्ष चालणारे व्यवहार होते आणि आहेत. छाती झाकणाऱ्या वस्त्राचे कापड भाऊ बहिणीच्या हातात देतो आणि त्यात कोणालाही अवघडल्यासारखे वाटत नाही. हे लक्षात ठेवा. पुढे लागेल.

६/
दुसरी गोष्ट खर्चाची. मराठेशाहीत राजघराण्यातील स्त्रियांना स्वतःच्या खर्चासाठी उत्पन्न नेमून देताना 'चोळी-बांगडी' हा शब्दप्रयोग रूढ होता. स्त्रीचा स्वतंत्र, हक्काचा खर्च कशाच्या नावाने मांडायचा, तर चोळीच्या आणि बांगडीच्या. चोळी ही चैन मानली असती, तर तिच्या नावाने उत्पन्न लावून दिले गेले नसते.

७/
होळकर घराण्याची 'खासगी' ही स्त्रीच्या स्वतंत्र उत्पन्नाची अशीच एक प्रसिद्ध व्यवस्था. १७३४ साली पेशव्यांकडून ती मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंसाठी मिळाली आणि पुढे अहिल्याबाईंकडे आली. अहिल्याबाईंचा जन्म १७२५ सालचा, जामखेड तालुक्यातल्या चौंडीचा. महेश्वरच्या विणकामाला त्यांनी आश्रय दिला. आज आपल्या जिल्ह्याला त्यांचे नाव आहे. त्याच जिल्ह्यातली एक बाई स्वतःच्या अंगच्या कपड्यासाठी घरात पैसे मागायला लाजते, ही विसंगती मला बोचते.

८/
चोळीचे गुणगान करून थांबले तर तो इतिहास अर्धाच होईल. केशवपन केलेल्या ब्राह्मण विधवेला चोळी वर्ज्य होती. अंगावर केवळ आलवण. म्हणजे अंगभर आणि अंगासरशी वस्त्र हा सर्वांचा हक्क नव्हता. ते कोणी घालावे आणि कोणाकडून काढून घ्यावे, हे समाज ठरवीत होता.

९/
डिसेंबर १९२७ मध्ये महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांपुढे स्वतंत्र भाषण केले. साडी नेसण्याची जातीची खूण ठरलेली पद्धत आणि तसेच दागिने सोडून द्या, असे त्यांनी सांगितले. अंगावरचा कपडा ही किरकोळ बाब नाही, त्यात माणसाची पत आणि प्रतिष्ठा गुंतलेली असते, हे त्यांनी अचूक ओळखले होते. तेव्हा "आतल्या कपड्यावर कसला इतिहास लिहिता?" असे विचारणाऱ्यांनी महाड आठवावे.

१०/
आता रचनेकडे पाहू. जुनी मराठी चोळी पुढे, छातीच्या खाली, गाठ मारून घालत. ही गाठ नुसती बंद करण्याची सोय नव्हती. छातीखालचा घेर ती घट्ट धरून ठेवी आणि वरच्या भाराला खालून आधार देई. शिवाय ती रोज नव्याने मारली जाई. दिवस गेले, मूल अंगावर पीत असले, आजारपणात अंग उतरले, तरी त्या त्या दिवशीच्या देहाप्रमाणे गाठ सैल किंवा घट्ट करता येई.

११/
नऊवारीची जागा हळूहळू गोल साडीने घेतली. चोळीच्या जागी पोलके, झंपर आणि मग हुकाचा ब्लाउज आला. गाठ गेली. ब्लाउज अंगासरशी दिसतो, पण छातीखाली घेर धरून ठेवण्याचे काम तो गाठीइतके करत नाही. ते काम आतल्या दुसऱ्या कपड्याकडे गेले. "आमच्या आजीने कुठे घातली होती?" या प्रश्नाचे माझे उत्तर असे : आजीकडे गाठ होती.

१२/
हा दुसरा कपडा आला कुठून? पॅरिसमध्ये हर्मिनी कादोल यांनी १८८९ साली कॉर्सेटचे दोन भाग केले आणि वरच्या भागाचा भार खांद्यावरच्या पट्ट्यांवर घेतला. न्यूयॉर्कच्या मेरी फेल्प्स जेकब यांना ३ नोव्हेंबर १९१४ रोजी ब्रेसियरचे पेटंट मिळाले. मूळ कल्पना होती दोन हातरुमाल आणि एक फीत. हे पेटंट पुढे वॉर्नर कंपनीने विकत घेतले. तरी 'ब्राचा शोध १९१४ सालचा' हे विधान सरधोपट आहे. ऑस्ट्रियातल्या लेंगबर्ग किल्ल्यात २००८ साली पंधराव्या शतकातले कपडे सापडले आणि त्यांत वाट्या शिवलेली लिननची अंतर्वस्त्रे होती.

१३/
आपल्या दृष्टीने महत्त्वाचा बदल नंतरचा आहे. १९३० च्या दशकात अमेरिकेत कपाला ए, बी, सी, डी अशी अक्षरे देण्याची पद्धत रुळली. आता मापाचे दोन भाग झाले. आकडा छातीखालच्या घेराचा आणि अक्षर उभाराचे. आपल्या बाजारात आकडा पोहोचला, अक्षर मात्र वाटेतच हरवले. आठवडी बाजारातल्या स्वस्त मालावर आजही बहुधा फक्त '३६', '३८' एवढेच छापलेले असते.

१४/
म्हणून दुकानदार विचारतो, "नंबर बोला." आत्याने वीस वर्षांपूर्वी कोणा नातेवाईक बाईच्या अंदाजाने घेतलेला नंबर ३८. तोच ती आजवर सांगत आली. या वीस वर्षांत तिची पाळी गेली, अंग एकदा भरले, एकदा उतरले. नंबर तोच. ब्लाउज शिवायला टाकताना मात्र तीच आत्या दर वेळी नवे माप देते!

१५/
इथे मला कोड्याचे उत्तर दिसले. ज्ञान आपल्याकडे आहे, फक्त ते एका कपड्यावरून दुसऱ्या कपड्यापर्यंत पोहोचलेले नाही. गावोगाव ब्लाउज शिवणारी एखादी ताई असतेच. ती छातीचा घेर घेते, छातीखालचा घेर घेते, टक्स कुठे घ्यायचे ते पाहते. 'कटोरी ब्लाउज' तिच्या हातचा मळ असतो. कटोरी म्हणजे वाटी आणि कप म्हणजेही तेच. अमेरिकेतल्या अक्षरांत दडलेली गोष्ट आमच्या शिवणवाल्या ताईला तिच्या भाषेत ठाऊक आहे.

१६/
या शिवणकामालाही नगरचा एक धागा आहे. अमेरिकन मराठी मिशनच्या सिंथिया फरार यांनी नगरमध्ये मुलींचे शिक्षण उभे केले. सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे धडे त्यांच्याकडे घेतले. त्या काळच्या मिशनशाळांत मुलींना लिहिण्या-वाचण्याबरोबर शिवणही शिकवीत. पुढे शिलाई मशीन आले, तालुक्याला शिवणवर्ग निघाले आणि 'टेप गळ्यात अडकवलेली बाई' हे गावातले ओळखीचे दृश्य झाले. स्त्रीचे माप स्त्रीने घेणे ही आपल्याकडे रुजलेली रीत आहे. ती ब्रापर्यंत न्यावी, एवढेच मला म्हणायचे आहे.

१७/
तर आम्ही त्या ताईंकडे गेलो. कसे मोजायचे ते नीट लिहिते, म्हणजे घरीही करता येईल.
पहिले माप : छातीच्या लगेच खाली, श्वास सोडून, टेप जमिनीला समांतर आणि घट्ट. आत्याचे भरले ३४ इंच.
दुसरे माप : छातीच्या सर्वांत उभार भागावरून, टेप सैलसर. वय वाढले किंवा छाती उतरलेली असली, तर थोडे पुढे वाकून घ्यावे. आत्याचे भरले ३८ इंच.

१८/
पहिले माप हाच आकडा. तो विषम आला तर जवळचा सम आकडा धरून घालून पाहावे. दोन्ही मापांतला फरक म्हणजे अक्षर. एक इंच फरक ए, दोन बी, तीन सी, चार डी. आत्याचे माप निघाले ३४ डी. ती दचकलीच. "आगं बया, डी? ते सिनेमातल्या बायांचं आसंल!" अक्षर उभाराचा फरक सांगते, एकूण आकार नव्हे. ३४ डी आणि ४० डी यांच्या वाट्या एकसारख्या नसतात. हे तिला चार वेळा समजावावे लागले.

१९/
एक सावधगिरी. पूर्वी छातीखालच्या मापात चार-पाच इंच मिळवून आकडा काढण्याची रीत होती. काही कंपन्यांचे तक्ते अजूनही तिच्यावर चालतात. त्या हिशेबाने आत्या पुन्हा ३८ वरच जाऊन पोहोचते. म्हणून खोक्यामागचा तक्ता आधी वाचावा आणि तक्त्यापेक्षा स्वतःच्या अंगावर अधिक विश्वास ठेवावा.

२०/
आता गंमत पाहा. घेर दोन इंचांनी वाढला की अक्षर एक पायरी खाली येते आणि वाटी तेवढीच राहते. म्हणजे ३४ डी, ३६ सी आणि ३८ बी यांची वाटी जवळपास सारखी. आत्याच्या जुन्या ३८ नंबरवर अक्षर नव्हते, पण असा माल बहुधा बी धरूनच शिवलेला असतो. तेव्हा तिची वाटी चुकलेली नव्हती. घेराची पट्टी चार इंच मोठी होती. पाठीमागे पट्टी वर चढे. मग ती खांद्याचे पट्टे आवळून घेई आणि सगळा भार खांद्यांवर येई. खाचांचे मूळ हे होते.

२१/
चोळीची गाठ जे काम करी ते ब्रामध्ये घेराच्या पट्टीने करायचे असते. खांद्यांचे पट्टे फक्त मदतीला. पट्टी सैल झाली की गाठ सुटल्यासारखेच. तेव्हा तुमची ब्रा नीट आहे का, हे असे तपासा :
• पाठीवरची पट्टी पुढच्या पट्टीच्या सरळ रेषेत आहे का?
• हात वर केले तर पुढची पट्टी जागची हलते का?
• पट्टीखाली दोन बोटे जेमतेम जातात का?
• वाटीच्या कडेवरून अंग बाहेर येते का, किंवा वाटी पोकळ राहते का?

२२/
मग खरेदी. नगरच्या कापड बाजारात आम्ही तीन दुकाने फिरलो. खिशात आत्याचे पाचशे रुपये होते. मी भर घालायला तयार होते, पण तिचे म्हणणे, "माझ्या पैशातच बशीव." पहिल्या दुकानात काउंटरवर सगळे पुरुष. आत्या पाठमोरी उभी राहिली. मी '३४ डी' म्हटल्यावर उत्तर आले, "डी ठेवत नाही. अडतीस घेऊन जा, सगळ्या बायका तेच नेतात." सगळ्या बायका तेच नेतात, कारण दुसरे काही ठेवलेलेच नसते.

२३/
दुसरीकडे ३४ डी होते, पण स्पंजचे, तारेचे आणि साडेआठशे रुपयांचे. तिसऱ्या दुकानात विकणारी एक काकू होती. तिला आम्ही टेपवरची दोन्ही मापे सांगितली. तिने ३६ सी काढून दिली. सुती, बिनस्पंजाची, वाटी तीन तुकडे जोडून शिवलेली, पट्टे रुंद, मागे तीन हुक. किंमत तीनशे चाळीस. आत पडद्यामागे ब्लाउज काढून घालून पाहायची मुभाही दिली. अशी मुभा सगळीकडे मिळत नाही. 'आतले कपडे परत घेतले जाणार नाहीत' ही पाटी मात्र सगळीकडे असते. म्हणून मापे घरूनच लिहून न्यावीत.

२४/
कमी पैशांत घेताना काय पाहावे?
• जाड स्पंजापेक्षा जोड असलेली सुती वाटी बरी. आधार जास्त, किंमत कमी आणि घामही टिपला जातो.
• पट्टी ताणून सोडा. ती लगेच जागेवर यायला हवी.
• नवी ब्रा सर्वांत बाहेरच्या हुकावर नीट बसली पाहिजे. वापराने ती सैल होते, तेव्हा आतल्या हुकावर जाता येते. नवी असतानाच आतला हुक लागत असेल तर ती मोठी आहे.
• रोज एकच वापरू नका. आलटून-पालटून वापरल्यास दोन्ही जास्त टिकतात.
• गरम पाणी आणि पिळणे टाळा. सावलीत वाळवा. रबर उष्णतेने मरते.

२५/
३६ ची पट्टी आत्याला अजूनही थोडी सैल होती. परत शिवणवाल्या ताईंकडे. त्यांनी दोन्ही बगलांच्या बाजूला अर्धा-अर्धा इंच आत घेतला. मग मी जुन्या तीन ३८ नंबरच्याही बाहेर काढल्या. दोघींचे रबर पार गेले होते. तिसरीत जीव होता. तिची पट्टी दोन्हीकडून शिवून आवळली. दोन्हींची मजुरी साठ रुपये. एकूण खर्च चारशे. पाचशेतून शंभर उरले आणि घालण्याजोग्या दोन झाल्या. ज्यांना नवी घेणे जमत नाही त्यांनी निदान एवढे करून पाहावे. पट्टी आवळणे हे ब्लाउज उसवून शिवण्याइतकेच सोपे काम आहे.

२६/
दोन गैरसमजांविषयी. काळी किंवा तारेची ब्रा घातल्याने कर्करोग होतो, असे संदेश फिरतात. अमेरिकेत सिएटलच्या संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ब्रा वापरणे आणि स्तनांचा कर्करोग यांत संबंध आढळला नाही. उलट, ब्रा घातलीच पाहिजे असेही नाही. न घालण्याने आजार होत नाही. ज्या बाईला मोकळे बरे वाटते तिने मोकळे राहावे. माझा आग्रह घालण्याचा नाही. घालायचीच असेल तर ती अंगाला टोचू नये, एवढाच आहे. लाल चट्टा मात्र आत्याने आरोग्य केंद्रात दाखवला. बुरशीचा संसर्ग निघाला. मलम मिळाले, आणि तो भाग कोरडा ठेवायला सांगितले.

२७/
"शेतात राबणाऱ्या बाईला हे नखरे कशाला?" असे एका नातेवाइकाने विचारले. प्रश्न उलटा आहे. दिवसभर वाकून कांदा काढणाऱ्या, पाथर्डी-शेवगावहून ऊसतोडीला जाणाऱ्या, डोक्यावर मोळी वाहणाऱ्या बाईला आधाराची गरज खुर्चीत बसणाऱ्या माझ्यापेक्षा जास्त आहे. बैलाच्या खांद्याला जू घासले तर आपण त्याला औषध लावतो, जुवाला गोणपाट गुंडाळतो. आत्याच्या खांद्यावरच्या खाचा वीस वर्षे कोणी पाहिल्या नाहीत. मीसुद्धा.

२८/
म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. घराच्या महिन्याच्या खर्चात हा खर्च 'चोळी-बांगडी'सारखा नाव घेऊन मांडावा. कमी किमतीच्या मालावर आकड्याबरोबर अक्षरही छापावे. दुकानात एक टेप, एक पडदा आणि शक्य तिथे एक बाई असावी. शिवणवर्गांत ब्लाउजच्या मापाबरोबर हे मापही शिकवावे. आणि पुरुषांनो, भाऊबीजेला खण देताना तुम्हाला संकोच वाटत नाही. मग बहिणीला, "हे पैसे तुझ्या आतल्या कपड्यांसाठी," एवढे सरळ म्हणायला काय हरकत आहे?

२९/
महिन्याने आत्याला फोन केला. खाचा एका महिन्यात बुजत नाहीत, त्या अजून आहेत. पण ती म्हणाली, "सारखं खांद्यावं हात जात न्हाई आता. कामात ध्यान ऱ्हातं." उरलेल्या शंभरातून तिने वीस रुपयांचा एक टेप घेतला होता. "बचतगटाच्या बैठकीला नेला व्हता," ती सांगत होती. "दार लावलं आन् समद्यांची मापं घेतली. अकरा जणी व्हतो. आपला नंबर बरोबर आसलेली एकच निघाली."

३०/
धागा इथे संपवते. तुमच्या घरात आई, मावशी, आत्या, काकू कोणीतरी असेलच, जी वर्षानुवर्षे तोच जुना नंबर सांगत आली आहे. ब्लाउजच्या मापाचा टेप घरात असेलच. दार लावा आणि मोजा. चोळी, पोलके, झंपर यांच्या तुमच्या भागातल्या आठवणी किंवा वेगळे शब्द असतील तर खाली जरूर लिहा.
#धागा #वस्त्रेतिहास #अहिल्यानगर